पिअर्सन यांची ट्रायटन : साच्यातून निघालेली नौका

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात, ब्रिस्टल नावाच्या खाडीकाठच्या गावी, १८७८ साली हेरेशॉफ बंधूंनी नौका बांधण्याचा कारखाना काढला. थोरला भाऊ जॉन किशोरवयातच पूर्ण आंधळा झाला होता आणि धंद्याची सारी व्यवस्था तोच पाहत असे. धाकटा नॅथॅनिएल नौकांची रचना करी. तो कागदावर रेघा ओढण्याआधी लाकडाचा अर्धा नमुना तासून काढत असे आणि आंधळा जॉन त्या नमुन्यावरून बोटे फिरवून त्याच्या आकाराबद्दल मत देत असे. १८९३ पासून १९२० पर्यंत ‘अमेरिकाज कप’ ही मानाची शर्यत जिंकून चषक अमेरिकेत राखणाऱ्या सगळ्या नौका याच कारखान्यातून निघाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्याचे दिवस संपले आणि १९५९ साली त्या आवारात नवे मालक आले. क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन हे दोघे चुलतभाऊ नुकतेच विद्यापीठ आणि नौदलातून बाहेर पडलेले तरुण होते, आणि ते नौका बांधत होते त्या काचेच्या धाग्यांच्या आणि रेझिन या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाच्या. जुन्या सुतारांना हा बदल कसा वाटला असेल, याची कल्पना कोल्हापूरच्या उद्यमनगर या छोट्या कारखान्यांच्या वसाहतीत वाढलेल्या माणसाला सहज करता येते.

माझ्या वडिलांचे उद्यमनगरात पॅटर्नचे छोटे दुकान होते. फाउंड्रीला लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यांवरून वाळूत साचा उठवतात ते नमुने, ते आणि त्यांचे दोन कारागीर बनवत असत. ओतकाम थंड होताना किती आकसेल याचा हिशेब धरून सागवान कापणे, पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार देणे, कोपरे मेणाने भरून गोल करणे, ही कामे मी लहानपणापासून पाहत आलो. पुढे मी फायबरच्या, म्हणजे याच काचतंतू आणि रेझिनच्या, कामाकडे वळलो. टाक्या, पंख्यांची आवरणे, बागेतील घसरगुंड्या असे जे मिळेल ते काम करत गेलो, आणि या धंद्याची पाळेमुळे शोधताना पिअर्सन कंपनीशी येऊन पोहोचलो. फायबरची पहिली होडी त्यांनी बनवली नाही. परंतु या पदार्थाभोवती खरा धंदा कसा उभा राहतो आणि तो कुठे अडतो, हे त्यांच्या इतिहासातून जितके स्पष्ट दिसते तितके अन्य कोणाच्या इतिहासातून क्वचितच दिसते, असे माझे मत आहे.

आधी थोडे मागचे सांगणे आवश्यक आहे. १९३२ साली अमेरिकेतील ओवेन्स-इलिनॉय या काचकंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेच्या विटा एकमेकींना जोडण्याचा प्रयोग करत असताना वितळलेल्या काचेच्या धारेवर हवेचा झोत बसला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. गेम्स स्लेटर यांच्या देखरेखीखाली त्या अपघाताचे रूपांतर उत्पादनपद्धतीत झाले आणि १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. तंतू मिळाले, पण त्यांना बांधून ठेवणारा पदार्थ हवा होता. बेकेलाइटसारख्या जुन्या प्लॅस्टिकला उष्णता आणि प्रचंड दाब लागत असे; होडीएवढी वस्तू दाबता येईल असा प्रेस कोणाकडे असणार? महायुद्धाच्या काळात पॉलिएस्टर रेझिन आले आणि ही अडचण सुटली, कारण हे रेझिन साध्या हवेच्या तापमानाला, दाबाशिवाय, केवळ हार्डनर मिसळल्याने घट्ट होते. भट्टी नको, प्रेस नको, बॉयलर नको. बादली, ब्रश आणि रोलर एवढ्या भांडवलावर माणूस कारखानदार होऊ शकतो, ही गोष्ट या पदार्थाच्या इतिहासात फार महत्त्वाची आहे, कारण त्याचे अनेक आरंभीचे उत्पादक घरामागच्या गॅरेजमधूनच पुढे आलेले आहेत.

पहिला कोण, हा वाद मला फारसा रुचत नाही. ओहायो राज्यातील टोलेडो येथे रे ग्रीन यांनी १९४२ साली काचतंतू आणि रेझिनची लहान शिडाची होडी केली. न्यू बेडफर्डचे कार्ल बीटल, ज्यांच्या घराण्यात पूर्वापार देवमाशांच्या शिकारीच्या होड्या बनत असत, ते १९४७ साली बारा फुटी फायबरची होडी विक्रीला आणत होते. कॅलिफोर्नियात बिल ट्रिट यांच्या ग्लासपार कंपनीने होड्यांबरोबर मोटारगाडीच्या फायबरच्या बॉडीही बनवल्या. १९५६ साली सॉसालिटो येथे फिलिप ऱ्होड्स यांनी रेखाटलेली चाळीस फुटांहून लांब ‘बाउंटी टू’ साच्यातून काढण्यास सुरुवात झाली. यांपैकी प्रत्येकाला पहिलेपणाचा मान कोणत्या ना कोणत्या विशेषणासह देता येतो. एवढे सांगून मी पुढे जातो.

क्लिंटन पिअर्सन यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास, ब्राउन विद्यापीठात शिकत असतानाच, मॅसॅच्युसेट्समधील सीकाँक येथे वडिलांच्या गॅरेजमध्ये फायबरच्या लहान होड्या बनवण्यास आरंभ केला. नौदलातील सेवा आटोपून चुलतभाऊ एव्हरेट येऊन मिळाला. कंपनी स्थापन झाली आणि ब्रिस्टलमधील एका जुन्या कापडगिरणीच्या इमारतीत काम सुरू झाले. इंजिन लावून पळवण्याच्या छोट्या होड्या आणि मोठ्या नौकेच्या मागे बांधायच्या डिंग्या असा त्यांचा माल होता. १९५८ साली टॉम पॉटर नावाचे नौकाव्यवसायातील गृहस्थ त्यांच्याकडे एक प्रस्ताव घेऊन आले. एका कुटुंबाला चार दिवस समुद्रावर राहता येईल, चौघांना झोपता येईल, छोटे इंजिन असेल आणि किंमत दहा हजार डॉलरच्या आत राहील, अशी शिडाची नौका फायबरमध्ये करून द्याल का? रचना स्वीडनमध्ये जन्मलेल्या कार्ल अल्बर्ग यांची होती. लांबी सुमारे साडेअठ्ठावीस फूट, रुंदी सव्वाआठ फूट. खालून लांब सलग कील, म्हणजे तळाचा कणा, आणि दोन्ही टोकांना पाण्याबाहेर झेपावणारा जुन्या वळणाचा आकार. नाव ठेवले ‘ट्रायटन’. अल्बर्ग प्रकृतीने परंपरावादी होते, आणि माझ्या मते याच गोष्टीने ट्रायटनला तारले. पदार्थ सर्वस्वी नवा असताना आकारही नवा असता, तर गिऱ्हाइकाने एकाच वेळी दोन गोष्टींवर विश्वास ठेवला नसता.

येथे साच्याविषयी सविस्तर लिहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आमच्या फाउंड्रीत पॅटर्न टिकाऊ असतो आणि साचा वाळूचा असतो. प्रत्येक ओतकामानंतर वाळू फोडली जाते आणि त्याच पॅटर्नवरून पुन्हा नवा साचा उठवला जातो. फायबरच्या नौकेत याच्या नेमके उलट घडते. आधी लाकडाची, पुट्टी लावून घासलेली, आरशासारखी चकचकीत केलेली पूर्ण आकाराची नौका करावी लागते. तिला प्लग म्हणतात. तिच्यावर मेण चढवून, जेलकोट (रेझिनचा गुळगुळीत बाह्य थर) आणि मॅट (काचतंतूंचे चटईसारखे कापड) यांचे थर देऊन जाड साचा काढला जातो, आणि तो निघाला की प्लगचे काम संपते. त्यानंतर टिकतो तो साचा. त्याच्या आतल्या अंगाला पुन्हा मेण, मग रंगीत जेलकोट, मग काचेच्या मॅटचे आणि रोव्हिंग या जाड काचधाग्यांच्या विणलेल्या कापडाचे थर, प्रत्येक थर रेझिनने भिजवून रोलरने हवा काढत बसवायचा. असे करून जी नौका बाहेर येते तिचा बाहेरचा पृष्ठभाग साच्याच्या आतल्या पृष्ठभागाची हुबेहूब प्रत असतो. साच्यात राहिलेला एक ओरखडा शंभर नौकांवर शंभरदा उमटतो. कोल्हापुरातल्या मूर्तिकारांना हे वेगळे सांगायला नको. मातीत पुतळा घडवायचा, त्यावरून प्लॅस्टरचा साचा काढायचा आणि साच्यात फायबर भरायचे, ही रीत शहरात कित्येक वर्षे चालू आहे.

याचा अर्थ असा की लाकडी नौकेत जे कौशल्य प्रत्येक नगावर पुन्हापुन्हा खर्च होत असे, ते फायबरच्या धंद्यात एकदाच, प्लग आणि साचा करताना खर्च होते. लाकडी नौका बांधताना सांगाड्याला फळी बसवायची तर ती वाफेवर मऊ करून वाकवावी लागते, सांध्यांत कापूस ठोकून भरावा लागतो, आणि हे करणारा सुतार तयार व्हायला वर्षे लागतात. साच्यात मॅट बसवणारा कामगार काही आठवड्यांत हाताशी येतो. हे वाक्य लिहिताना मला माझ्या वडिलांच्या कारागिरांची आठवण होते आणि बरे वाटत नाही, पण ते खरे आहे. शिवाय पैशाचा क्रमही बदलतो. लाकडी नौकेचा सुतार एक ऑर्डर घेतो, आगाऊ रक्कम घेतो, लाकूड आणतो आणि कामाला लागतो. साच्याच्या धंद्यात हलचा (नौकेच्या मुख्य कवचाचा) साचा, डेकचा (वरच्या तक्तपोशीचा) साचा, केबिनच्या आतील भागांचे साचे असा सगळा खर्च पहिले गिऱ्हाईक येण्यापूर्वीच करून बसावे लागते, आणि तो वसूल व्हायचा तर एकाच आकाराच्या पुष्कळ नौका विकाव्या लागतात. ज्या उद्योगात दोन नौका क्वचितच सारख्या असत, त्यात आता सारखेपणावरच पोट अवलंबून राहिले.

पिअर्सन चुलतभावांची कसोटी नेमकी येथेच होती. जानेवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या नौका प्रदर्शनात ट्रायटन मांडली गेली, तेव्हा ती तेथवर नेण्यासाठीही त्यांना उसने पैसे घ्यावे लागले होते आणि हॉटेलचे बिल भागवण्याची तरतूद नव्हती, असे सांगितले जाते. प्रदर्शन संपेपर्यंत सतरा नौकांच्या ऑर्डरी आणि त्यांच्या अनामत रकमा हाती आल्या. सतरा हा आकडा आज लहान वाटेल. पण अठ्ठावीस फुटी नौका, तीही ज्या पदार्थाचा समुद्रातला अनुभव जेमतेम दहा-बारा वर्षांचा होता त्याची, लोकांनी केवळ एक नग पाहून मागितली, हे लक्षात घेतले पाहिजे. काही महिन्यांतच, एप्रिल १९५९ मध्ये, कंपनीने आपले शेअर जनतेला विकून भांडवल उभे केले आणि हेरेशॉफ यांचे जुने आवार विकत घेतले. ट्रायटनचे उत्पादन १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत चालले आणि त्या अवधीत ७०० हून अधिक नौका निघाल्या. एकाच रचनेच्या, राहण्याजोग्या फायबरच्या शिडाच्या नौका या संख्येने विकता येतात, हे ट्रायटनने दाखवून दिले.

वाढ इतक्या वेगाने झाली की पैसा पुन्हा अपुरा पडू लागला. १९६१ साली ग्रमन या विमानकंपनीच्या एका शाखेने पिअर्सनमधील नियंत्रण मिळवण्याएवढा हिस्सा विकत घेतला. हीच ग्रमन पुढे चंद्रावर माणूस उतरवणारे यान बांधणार होती. मोठ्या कंपनीचे भांडवल आले, पोर्ट्समथ येथे नवा प्रशस्त कारखाना उभा राहिला आणि प्रतिष्ठाही वाढली. १९६४ साली न्यूपोर्ट ते बर्म्युडा ही खुल्या समुद्रातली शर्यत ‘बर्गू’ नावाच्या नौकेने जिंकली. ती पिअर्सनच्या ‘इन्व्हिक्टा’ जातीची, विल्यम ट्रिप यांनी रेखाटलेली नौका होती, आणि ती शर्यत जिंकणारी ती पहिलीच फायबरची नौका ठरली. फायबर म्हणजे तलावात फिरवायच्या खेळण्यांचा पदार्थ, असे म्हणणाऱ्यांची तोंडे त्यानंतर बरीच बंद झाली. परंतु संस्थापक मात्र एकेक करून बाहेर पडले. क्लिंटन यांनी १९६४ मध्ये कंपनी सोडून ब्रिस्टल यॉट्स ही स्वतःची कंपनी काढली, आणि दोन वर्षांनी एव्हरेटही गेले. मोठ्या उद्योगसमूहाने छोटा कारखाना विकत घेतला की संस्थापक नोकरदार होतो, आणि ज्याने गॅरेजमध्ये स्वतः रेझिन कालवले आहे त्याला ते फार दिवस मानवत नाही. हा अनुभव आमच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतही पाहायला मिळतो.

आता त्या नौकांच्या जाडीविषयी लिहितो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. रेझिन आणि काच यांच्या नमुन्याची ताकद प्रयोगशाळेत मोजता येत होती, परंतु वीस वर्षे लाटांचे तडाखे, ऊन आणि खारे पाणी सोसल्यावर त्याचे काय होईल, याचे उत्तर तेव्हा कोणाकडेच असणे शक्य नव्हते. म्हणून सुरुवातीच्या बहुतेक उत्पादकांनी सावधपणे जाड हल केले. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने १९५० च्या दशकाच्या आरंभी बांधलेल्या चाळीस फुटी फायबरच्या गस्ती होड्यांचे तुकडे दहा आणि वीस वर्षांनी कापून तपासले गेले, तेव्हा ताकदीत फारशी घट आढळली नाही. १९७० च्या दशकात तेल आणि त्याबरोबर रेझिन महागले आणि उत्पादक हात आखडू लागले. त्या काळानंतरच्या अनेक नौकांच्या पाण्याखालच्या भागावर फोड येण्याची तक्रार वाढली, कारण जेलकोटमधून झिरपलेले पाणी आतील विद्राव्य घटकांशी मिळून दाब निर्माण करते. जुन्या ट्रायटनही निर्दोष नाहीत. त्यांच्या डेकच्या दोन थरांमध्ये वजन वाचवण्यासाठी बाल्सा हे हलके लाकूड भरलेले आहे आणि कडी-खुंट्यांच्या स्क्रूच्या छिद्रांतून पाणी शिरले की ते कुजते. पण हल शाबूत राहतो. जेम्स बाल्डविन या खलाशाने ‘ॲटम’ नावाच्या ट्रायटनमधून दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि साठ वर्षांपूर्वीच्या अनेक ट्रायटन आजही पाण्यात आहेत.

येथे या धंद्याची खरी गोम आहे. लाकडी नौका कुजते, तिच्या मालकाला काही वर्षांनी सुताराकडे यावेच लागते. फायबरची नौका कुजत नाही, म्हणून ती विकणाऱ्याला तिच्याच जुन्या भावंडांशी स्पर्धा करावी लागते. १९८० च्या दशकात नव्या नौकेची किंमत वाढत गेली, तेव्हा गिऱ्हाइकापुढे त्याच कंपनीची वीस वर्षांपूर्वीची, भक्कम आणि कितीतरी स्वस्त नौका उभी होती. ग्रमनने १९८० च्या दशकात पिअर्सनमधून अंग काढून घेतले. त्यात मंदी आली, आणि १९९१ पासून अमेरिकन सरकारने एक लाख डॉलरवरील नौकांच्या वरच्या रकमेवर दहा टक्के चैनकर लावला, जो पुढे १९९३ मध्ये मागे घ्यावा लागला. पिअर्सन कंपनी त्या सुमारास बंद पडली. करावर सारे खापर फोडण्याची पद्धत आहे; मला ती अपुरी वाटते. ज्यांच्याकडे जुनी ट्रायटन होती त्यांना नवी पिअर्सन घेण्याचे कारणच उरले नव्हते.

एव्हरेट पिअर्सन यांची पुढची वाटचाल मला अधिक विलक्षण वाटते. रबरी हातमोजे आणि फुगे बनवणारे उद्योजक नील टिलट्सन यांच्यासह त्यांनी टिलट्सन-पिअर्सन, म्हणजे टीपीआय, ही कंपनी काढली. ‘जे २४’ ही १९७७ सालापासून गाजलेली शर्यतीची लहान नौका त्यांनीच मोठ्या संख्येने बनवली. ज्याला काच, रेझिन आणि बाल्साचे लांब, हलके, वाकलेले कवच काढता येते, त्याला पवनचक्कीचे पातेही काढता येते, हे त्यांनी ओळखले. पातळ प्लॅस्टिकच्या पडद्याखाली निर्वात करून रेझिन आत ओढून घेण्याची पद्धत या कंपनीने अंगीकारली, त्यामुळे बादली-ब्रशचे काम आणि रेझिनमधील स्टायरीनचा उग्र वास दोन्ही कमी झाले. त्या वासाने डोके जड होते आणि तो कपड्यांतून जात नाही, हे या कामातल्या कोणाच्याही घरच्यांना विचारावे. पुढे नौकांचा व्यवसाय मागे पडला आणि टीपीआय कम्पोझिट्स ही पवनचक्क्यांची पाती बनवणारी जागतिक कंपनी झाली. तिचा एक कारखाना चेन्नईजवळ उभा राहिला. पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर फिरणारी पाती कोणत्याही कंपनीची असोत, त्यांचे कुळ या जुन्या होड्यांच्या कारखान्यांशी जुळते.

आमच्याकडे फायबरच्या होडीची गाठ पडते ती मुख्यतः पुराच्या वेळी. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की चिखली, आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत होड्यांची मागणी सुरू होते. जेथे होडी पोहोचत नाही तेथे लोकांनी गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून पाणी ओलांडल्याचे प्रसंग आहेत. पूर ओसरला की गावोगावच्या समित्या होडी बनवून देण्याविषयी चौकशी करतात, आणि एका नगासाठी साचा करणे परवडत नाही, हे मला प्रत्येकाला समजावून सांगावे लागते. दहा गावांनी मिळून एकच आकार पक्का केला तर खर्च बराच खाली येईल, पण प्रत्येकाला आपल्या मापाची हवी असते. पिअर्सन यांना १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये सतरा जण एकाच आकारावर राजी झालेले मिळाले, त्याचे मोल मला या चौकश्यांमुळे नीट कळले.

आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याकडे हा व्यवसाय साठ-सत्तर वर्षे डोळेझाक करत आला. फाउंड्रीत बिघडलेले ओतकाम भंगार म्हणून पुन्हा भट्टीत जाते. घट्ट झालेले पॉलिएस्टर रेझिन मात्र वितळत नाही. ते दळता येते, जाळता येते, पुरता येते, परंतु त्यापासून पुन्हा होडी होत नाही. परदेशांत मालकांनी सोडून दिलेल्या फायबरच्या नौका खाड्यांत साचल्या आहेत आणि निवृत्त झालेल्या पवनचक्क्यांच्या पात्यांचे काय करावे हा प्रश्नही तोच आहे. सिमेंटच्या भट्टीत इंधन आणि कच्चा माल म्हणून त्यांचा भुगा वापरला जातो, हा सध्याचा त्यातल्या त्यात बरा मार्ग. टिकाऊपणाची जाहिरात करताना ही बाजू कोणी सांगितली नव्हती.

कंपनी बंद पडली तरी तिच्या आकारांची मागणी संपली नाही. अल्बर्ग यांनीच रेखाटलेली ‘एन्साइन’ ही साडेबावीस फुटी उघडी शिडाची नौका पिअर्सनने १९६२ ते १९८३ या काळात सतराशेहून अधिक संख्येने बनवली होती. उत्पादन थांबल्यानंतरही तिच्या मालकांची संघटना शर्यती भरवत राहिली, आणि सुमारे दोन दशकांनी फ्लोरिडातील एका छोट्या कारखान्याने तीच नौका पुन्हा बनवण्यास सुरुवात केली. नव्या एन्साइनने जुन्यांबरोबर बरोबरीने शर्यतीत उतरावे म्हणून तिचा आकार आणि वजन जुन्या नियमांत बसवलेले आहे, त्यामुळे १९६२ सालची आणि या शतकातली नौका एकाच रांगेत सुटतात.